आबांनी तपासून दिलेला रॉड

"रॉड देऊन टाकला," आबा म्हणाले आणि हातातला स्क्रू ड्रायव्हर बनियनला पुसून त्यांनी तो टेबलावर ठेवला.

ठिणगी केसांना टॉवेल गुंडाळून बाथरूममधून बाहेर येत होती, ती दारातच थबकली. "कुठला रॉड?"

"पाणी तापवायचा. दुसरा कुठला असतो? कॉइल चांगली होती, वायर तेवढी जळलेली. नवीन टाकली. दहा मिनिटांचं काम."

"पण कुणाला दिला?"

"ज्यांचा होता त्यांना."

"म्हणजे कुणाला, आबा?"

"अगं, त्या... त्या नाही का..." आबांनी दोन्ही हातांच्या बोटांची वर्तुळं करून डोळ्यांसमोर धरली. "चष्म्याच्या."

चार मजले, सोळा घरं, आणि या इमारतीत बिनचष्म्याची बाई शोधायची तर ती चष्मा लावूनच शोधावी लागली असती. एरवी ठिणगीने हे बोलून दाखवलं असतं आणि स्वतःच हसली असती. आज तिने घड्याळाकडे पाहिलं. केस धुवायला ती गेली होती वीस मिनिटं. आजी दात काढून घ्यायला डॉक्टरांकडे गेली होती आणि जाताना चार वेळा बजावून गेली होती, "लक्ष ठेव गं. नुसतं घरात असणं म्हणजे लक्ष ठेवणं नव्हे." आणि ठिणगीने चारही वेळा "होऽऽ" म्हटलं होतं.

ठिणगी हे नाव आबांनीच ठेवलेलं. जन्मली तेव्हा अशी काही किंचाळली की म्हणे, दवाखान्याचा फ्यूज उडाला. फ्यूज खरंच उडाला होता, आणि तो बसवलाही आबांनीच. एका हातात नात, दुसऱ्या हातात टेस्टर. निदान ते तरी असंच सांगायचे.

आबा वायरमन. कापडाच्या कारखान्यात एकेचाळीस वर्षं त्यांनी वायरी ओढल्या, आणि संध्याकाळी घरी आले की अख्ख्या इमारतीचे पंखे, इस्त्र्या, मिक्सर त्यांच्या दारात रांगेने बसलेले असायचे. वस्तू दुरुस्त झाली की ते ती टेस्ट लॅम्पला लावायचे. दिवा पेटला तरच ती घराबाहेर जायची, नाहीतर पुन्हा उघडायची. "दिवा खोटं बोलत नाही," असं ते म्हणत, आणि लोकांचा आबांवर असा विश्वास की त्यांच्याकडून आलेली वस्तू कुणी डोळे उघडे ठेवून प्लगला लावत नसे.

मग दोन वर्षांपूर्वी ते शेजाऱ्यांचा बल्ब बदलायला गेले आणि येताना शेजाऱ्यांची खुर्ची घेऊन आले. सगळे हसले. पुढच्या महिन्यात ते, रिटायर झालेले असून, कारखान्यात कामावर निघाले, डबा हवा म्हणून आजीवर चिडले, तेव्हा कुणी हसलं नाही. डॉक्टरांनी बाबांना बाजूला घेऊन सांगितलं, "त्यांना आपलं काही बिघडलंय हे कळणारच नाही. हा हट्ट नाही, आजाराचाच भाग आहे. वाद घालू नका." आबांनी बाहेर आल्यावर वेगळंच निदान केलं. "डॉक्टरचं वय झालंय. एकच प्रश्न तीनदा विचारत होता."

एका रविवारी बाबांनी आबांनी दुरुस्त केलेली इस्त्री सहज उघडून पाहिली आणि मटकन खुर्चीत बसले. प्लगच्या आत लाल वायर हिरवीच्या जागी बसवलेली होती. म्हणजे बटण दाबलं की करंट थेट इस्त्रीच्या पत्र्यात. जो हात लावेल तो गेला.

आता आबांचं टेबल काढून घ्यायचं कसं? टेबल काढून घेतलं तर आबांचं राहिलं काय? त्या दुपारी घरात जी युक्ती निघाली तिच्यावर सगळेच खूश होते. बाबांनी टेबलावरच्या बोर्डाची वायर आतून तोडून टाकली. टेस्ट लॅम्पच्या डब्यात दोन सेल बसवून दिले. आता आबा काहीही जोडोत, कसंही जोडोत, दिवा पेटायचाच. घरातल्याच पाच मोडक्या वस्तू गिऱ्हाइकांच्या झाल्या. सकाळी आजी टोस्टर आणून ठेवायची, "वरच्या मजल्यावरून आलाय, घाई नाही म्हणाले." आबा दिवसभर रमायचे, दिवा पेटायचा, संध्याकाळी टोस्टर "परत" जायचा तो पलंगाखाली. चार दिवसांनी पुन्हा यायचा. "हे कंपनीवाले हल्ली एकाच मॉडेलचा माल किती विकतात!" आबा नवल करायचे. जन्मात खोटं न बोललेली आजी या कामात इतकी तरबेज झाली की गिऱ्हाइकांच्या तक्रारीसुद्धा रचून सांगायला लागली.

आणि बाहेर कुणाला काही सांगायचं नाही, असं ठरलं होतं. "इमारतीत यांचं नाव आहे," आजी म्हणाली होती. "ते तेवढं राहू दे."

ठिणगीने ते नाव नुसतं राहू दिलं नाही, चांगलं पॉलिश करून ठेवलं. वक्तृत्व स्पर्धेत पहिली आल्यापासून तिची जीभ मोकळी सुटली होती. मोठ्या माणसांशी बोलताना पूर्वी पायाच्या अंगठ्याकडे बघायची, ती आता त्यांच्या डोळ्यांत बघायची. सोमवारी खाली नोटिसांच्या फळ्यापाशी बायका उभ्या होत्या. त्यातल्या कुणीतरी विचारलं, "आबा दिसत नाहीत गं हल्ली. बरे आहेत ना?" आणि ठिणगी म्हणाली, "बरे? एकदम ठणठणीत! रोज दुरुस्त्या चालू असतात. कालच टोस्टर केला." खोटं कुठे होतं त्यात? टोस्टर केलाच होता.

त्या बायका तीन होत्या की पाच? कोण कोण होत्या?

टेबलावर जळक्या वायरीचा तुकडा पडला होता. शेजारी टेस्ट लॅम्प. ठिणगीने त्याची दोन टोकं उचलून टेबलाच्या लाकडाला लावली. दिवा पेटला.

या दिव्याने आजवर कुणालाच नापास केलं नव्हतं.

तिने बाबांना फोन लावला. छापखान्यातल्या मशीनच्या धडधडाटात बाबांना फोन कधीच ऐकू येत नाही, आजही आला नाही. आईचा फोन कामाच्या वेळात बंद. इमारतीच्या ग्रुपवर आई होती, ठिणगी नव्हती. घड्याळात चारला पाच कमी. लोक कामावरून यायला लागतील, तोंडं धुतील, आंघोळी करतील. पाण्यात सोडलेला रॉड, आणि पाणी तापलं का म्हणून बादलीत घातलेला हात.

आबांना एकटं ठेवायचं नाही, हाही नियमच होता. मागच्या महिन्यात पाच मिनिटं एकटे राहिले तर गॅसचे चारही बर्नर चालू करून समोर हात शेकत बसले होते.

"आबा, चला. खालून कंप्लेंट आलीय."

आबांचा चेहरा असा उजळला की तिला लाज वाटली. "आत्ता? बरं. शर्ट दे."

"राहू दे शर्ट!"

"बनियनवर जाऊ लोकांच्या घरी? काय बोलतेस?"

शर्ट. मग बटणं, वरपासून खालपर्यंत, आणि शेवटी एक बटण उरलं म्हणून परत खालून वरपर्यंत. मग हत्यारांची पिशवी. मग चप्पल. मग "पाणी पिऊन निघतो." ठिणगी दारात एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होती. टॉवेल सुटून खांद्यावर आला होता आणि ओल्या केसांचं पाणी पाठीवरून ओघळत होतं.

समोरच्या दाराला कुलूप. शेजारच्या दारावर तिने दोन्ही हातांनी धडाधड थापा मारल्या. टायपिस्ट काकांनी दार उघडलं. कोर्टाबाहेर टायपिंग करत आयुष्य गेलेला हा माणूस बोलायचाही तसाच, सावकाश, शब्द मोजून.

"काका, तुमच्याकडे रॉड आहे?"

"कसला रॉड?"

"पाण्याचा. आबांनी दुरुस्त केलेला. चष्मेवाल्या बाईंनी नेलाय."

"चष्मा मला आहे," काका म्हणाले. "पण मी बाई नाही."

"काका, प्लीज!"

"आणि मी गार पाण्याने आंघोळ करतो. बारा महिने. त्याचं कारण असं..."

ते कारण ठिणगीने ऐकलं नाही. जिन्याच्या खिडकीतून, जिथे सगळ्या बाथरूमच्या खिडक्या एका बोळात उघडतात तिथून, पाण्याचा आवाज येत होता. कुठेतरी बादली भरत होती. वर की खाली, कळत नव्हतं. त्या बोळात सगळे आवाज एकमेकांत मिसळून जातात. आधी बादलीच्या तळाशी आपटणारं पाणी, मग भरत आलेल्या बादलीचा जाड, गुबगुबीत आवाज.

"कोण आहेऽऽ? रॉड लावू नकाऽऽ!" ती खिडकीतून ओरडली. वक्तृत्वात पहिली आलेली पोरगी, पण आवाज फाटला आणि नुसतीच किंकाळी झाली. वरून कुणीतरी म्हणालं, "काय कटकट आहे या पोरांची!" आणि एक खिडकी बंद झाली.

मग नळ बंद झाला.

इतका वेळ निदान पाणी पडत होतं. आता कुणीतरी रॉड बादलीत सोडत असेल. आता प्लग लावत असेल. अजून तेरा दारं ठोठावायची होती. आणि मग, इतक्या उशिरा, तिला सुचलं. दारं कशाला? सगळ्यांची वीज एकाच ठिकाणाहून येते.

"आबा, मेन स्विच कुठे आहे?"

"जिन्याखाली. मीटरच्या खोलीत. का?"

ती धावत सुटली. मागून आबांचा आवाज आला, "धावू नकोस! धावणारा वायरमन आधी मरतो." आणि त्यांची चप्पल, एकेक पायरी, फट... फट... फट.

मीटरच्या खोलीत कोळिष्टकं आणि अंधार. मोबाईलच्या उजेडात तिला लोखंडी पेटी दिसली. तिच्या बाजूला हाताएवढा दांडा. तिने तो ओढला. हलला नाही. लटकली. तरीही नाही. कित्येक वर्षांत कुणी त्याला हात लावला नसावा. आबा दारात पोचले आणि पिशवी कुठे ठेवावी याचा विचार करत उभे राहिले.

"आबा! कुणीतरी चिकटलंय!"

आबांचा चेहरा बदलला. ठिणगीने तो चेहरा लहानपणी एकदा पाहिला होता, नंतर कधीच नाही. त्यांनी तिला खांद्याला धरून बाजूला केलं, डावा हात पाठीमागे नेला, तोंड दुसरीकडे वळवलं आणि उजव्या हाताने दांडा एका झटक्यात खाली पाडला. थाड! अख्ख्या इमारतीचा आवाज थांबला. पंखे, मोटारी, तिसऱ्या मजल्यावरचा रेडिओ, सगळं गप्प. ते इतक्या जोरात चालू होतं हे ते थांबल्यावर कळलं.

"तोंड वळवायचं," आबा म्हणाले. "ठिणगी उडते." आणि मग तिच्याकडे बघून, "खरी ठिणगी म्हणतोय मी. तुला नाही."

आता दारं आपोआप उघडली. "लाइट गेली का?" "फक्त आपलीच का?" करत माणसं जिन्यात जमली. शिकवणीवाल्या बाई हातात खडू घेऊनच उतरल्या. टायपिस्ट काका कठड्याला धरून म्हणाले, "ही पोरगी मघापासून रॉड रॉड करत पळतेय."

"मेन पाडलाय कुणी? आबांनी? आबा, सांगून तरी पाडायचा!"

"शॉकची कंप्लेंट होती," आबा शांतपणे म्हणाले. "कोण चिकटलंय?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरची नर्स खाली आली. नवीनच राहायला आलेली. पांढऱ्या युनिफॉर्मच्या बाह्या कोपरापर्यंत वर केलेल्या, डोळ्यांवर चष्मा, आणि हातात रॉड. रॉडवरून पाणी ठिबकत होतं.

"आबा, या रॉडने तर काही झालं नाही ना?" ती अपराध्यासारखी म्हणाली. "प्लग लावला, बटण दाबलं, पाणी तापतंय का बघायला हात घालणार तर लाइटच गेली. म्हटलं, माझ्यामुळेच सगळ्यांची गेली."

ठिणगी जिन्याच्या खालच्या पायरीवर बसली.

"बघू," आबा म्हणाले. त्यांनी पिशवीतून स्क्रू ड्रायव्हर काढला, प्लगचा स्क्रू फिरवला, झाकण उघडलं आणि ते दाराच्या उजेडात धरलं. त्यांची बोटं जराही थरथरत नव्हती. "हे बघा. लाल वायर हिरवीच्या जागी. बादलीत हात घातला असता तर बाई, तुम्ही परत काढला नसता." त्यांचा आवाज चढला. "कुणी केलंय हे?"

नर्स आबांकडे बघत राहिली.

"मी केलं," ठिणगी म्हणाली.

"तू?"

"तुम्ही बघत नव्हता तेव्हा मी उघडला. शिकायला म्हणून."

"शिकायला? वायरीशी खेळून शिकतात?" आबा असे काही तडकले की शिकवणीवाल्या बाई एक पायरी मागे सरकल्या. आबांनी तिला झापलं, नर्सने कपाळाला हात लावला, वरून कुणीतरी म्हणालं, "कार्टी अतिशहाणी आहेच!" ठिणगीने ते सगळं खाली मान घालून घेतलं आणि तिला आतून चक्क बरं वाटलं. मिटलं. बाई वाचली, आबांचं नाव वाचलं. आजीला सांगता येईल.

"जाऊ द्या हो, पोर आहे," टायपिस्ट काका म्हणाले. "पण आबा, तुम्ही काम चालू केलंय हे बरं झालं. माझा टेबल फॅन पडून आहे. उद्या आणून देतो."

"आणा की."

"आमचा गीझरपण बघाल?" शिकवणीवाल्या बाईंनी विचारलं. "मुलं शॉक बसतो म्हणतात."

"बघू. उद्या सकाळी येतो."

ठिणगीने मान वर केली. सगळे आबांकडे बघत होते, जसे पूर्वी बघायचे तसे.

"नका देऊ," ती म्हणाली.

"काय?"

"आबांना काही देऊ नका." शाळेच्या सभागृहात तीनशे मुलांपुढे न अडखळलेली ती, इथे दहा माणसांपुढे शब्द शोधत होती. "मी नाही केलं ते. मी रॉडला हातसुद्धा लावला नाही. आबांना आजार आहे. दोन वर्षं झाली. लक्षात राहत नाही, वायरी उलट्यासुलट्या होतात. त्यांचा दिवा पण खोटा आहे, सेलवरचा. आणि त्यांना हे कळत नाही. त्यांना वाटतं सगळं बरोबर आहे. आम्ही कुणाला सांगितलं नाही, आणि मी तर... मी तर ठणठणीत आहेत म्हणून सांगितलं." ती रडायला लागली आणि रडता रडताच बोलत राहिली. "पंखा नका देऊ. गीझर नका देऊ. काहीच नका देऊ."

रॉडवरून फरशीवर थेंब पडत होते. आबांकडे बघायची हिंमत तिला होईना. नर्सने चष्मा काढला आणि पुसत बसली.

आबा तिचं बोलणं मान एका बाजूला कलती करून ऐकत होते, कारखान्यात एखाद्या मोटारीचा आवाज ऐकावा तसे. ती थांबल्यावर त्यांनी मान डोलावली.

"बरोबर बोलतेय पोर," ते म्हणाले. "असा माणूस वायरीजवळ नकोच. त्याला स्टुलावरसुद्धा चढू देऊ नका." त्यांनी हातातला उघडा प्लग पुन्हा एकदा पाहिला. "पण कोण आहे तो? आपल्यातलाच आहे का?"

"हो आबा," नर्स म्हणाली. "आपल्यातलाच आहे."

"मग हत्यारं काढून घ्या त्याची. गोड बोलून. ओरडू नका." आबांनी झाकण लावलं, स्क्रू घट्ट केला आणि रॉड नर्सच्या हातात न देता ठिणगीकडे दिला. "हा मोडीत टाक."

मग ते जमलेल्या माणसांकडे वळले. "चला, आता सगळ्यांनी घरी जाऊन बटणं बंद करा. एकदम लोड आला तर पुन्हा उडेल. झालं की वरून हाक मारा."

आणि माणसं गेली. कुणी काही विचारलं नाही, कुणी टोमणा मारला नाही. सगळ्यात वरच्या मजल्यावरून हाक आली, "झालं, आबा!" मग तिसऱ्यावरून. मग टायपिस्ट काकांची, घसा खाकरून, "बंद केलं, आबा." दांडा वर करायला आबांनी ठिणगीला पुढे केलं. तिने डावा हात मागे घेतला, तोंड वळवलं, सगळा जोर लावला. इमारतीचा आवाज परत आला.

जिना चढताना ती मागे पडली. आबांच्या ते लक्षात आलं. त्यांनी पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली आणि तिचा हात धरला. पहिल्या मजल्यावर एक बाई भिंतीला टेकून उभी राहिली, त्यांना वाट देण्यासाठी.

दुसऱ्या मजल्यावर त्यांचं दार घाईत उघडंच राहिलं होतं. आत टेबल दिसत होतं, टेबलावरचा दिवा दिसत होता, खुर्चीवर आजीची शाल दिसत होती. आबांनी तिकडे एकदा पाहिलं, आणि लोकांच्या घरात डोकावू नये म्हणून लगेच नजर काढून घेतली.

"सावकाश," ते म्हणाले आणि तिचा हात धरून पुढच्या पायऱ्या चढायला लागले. "आलंच आपलं घर."

ठिणगी त्यांच्याबरोबर चढत राहिली.